पीडित महिलेचा प्रवासखर्च : कायदा काय देतो आणि आपण काय करू शकतो?

नवऱ्याची मारहाण सोसणारी महिला घर सोडून का जात नाही, असे लोक सहज विचारतात. पुष्कळदा उत्तर साधे असते : तिच्याकडे गाडीभाड्याचे पैसे नसतात. मजुरी नवरा काढून घेतो, बँकेचे कार्ड सासरच्यांकडे असते आणि पदरात दोन मुले असतात. या खर्चासाठी कोणकोणती मदत मिळू शकते, ते आम्ही येथे एकत्र देत आहोत. आपल्या वस्तीतील प्रत्येक कार्यकर्त्याला हे माहीत असले पाहिजे.

घरातून बाहेर पडताना

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 चा आहे. त्याखालील 2006 च्या नियमांत नियम 8 मध्ये संरक्षण अधिकाऱ्याची कामे दिली आहेत. महिलेला व मुलांना दवाखान्यात नेण्यासाठी वाहनाची सोय करणे आणि निवारागृहापर्यंत वाहन मिळवून देण्यास मदत करणे, ही दोन्ही त्यात आहेत. त्यामुळे ही मदत हक्काने मागावी. अधिकारी टाळाटाळ करत असतील तर नियमाचा क्रमांक घालून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

जिवाला धोका असेल तर 112 वर फोन करावा. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये सुटका, औषधोपचार, समुपदेशन, कायदेशीर मदत आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो.

एसटीने जायचे असल्यास 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. मात्र उरलेले अर्धे भाडेही अनेकींकडे नसते.

कोर्टाच्या तारखांचा खर्च

खरा खर्च पुढे सुरू होतो. तारखेमागून तारीख पडते, तसे भाडे वाढते आणि कंटाळून महिला केस सोडून देते. म्हणून केस कुठे दाखल करायची, हे आधी ठरवावे. कलम 27 नुसार महिला तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. रूपाली देवी प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सासर सोडून आलेली महिला आसरा घेतलेल्या ठिकाणीही छळाची फौजदारी तक्रार करू शकते. माहेर नांदेडला आणि सासर पुण्याला असेल तर यासाठी पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

कलम 20 खाली हिंसाचारामुळे झालेला खर्च नवऱ्याकडून मागता येतो. त्यात प्रवासखर्चाचे नाव नाही, पण दिलेली यादी पूर्ण नाही असे कलमच सांगते. म्हणून एसटीचे तिकीट, रिक्षाचे भाडे यांची तारीखवार नोंद ठेवावी आणि ती अर्जाला जोडावी. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यामुळे नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला असेल तर त्या कायद्याच्या कलम 24 खाली दाव्याचा खर्च मागता येतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100 आहे.

ब्रिटनमधील उदाहरण

ब्रिटनमध्ये 2020 पासून रेल्वे कंपन्या आणि महिला संघटना मिळून ‘रेल टू रेफ्यूज’ ही योजना चालवतात. निवारागृहात जागा मिळाली की तिथे जाण्याचे तिकीट महिलेला व मुलांना मोफत दिले जाते. अशी मागणी आपण एसटी महामंडळाकडे आणि रेल्वेकडे का करू नये?

मंडळाने काय करावे?

शासनाची गाडी येईपर्यंत रात्र निघून जाते. ती रात्र निभावण्यासाठी प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने छोटा प्रवास निधी ठेवावा, असे आम्हाला वाटते. पाच-सहा हजारांतही सुरुवात होते. काही पथ्ये मात्र कडक पाळावीत :

- निधी दोन विश्वासू महिलांच्या हाती असावा. हिशेबाच्या वहीत रक्कम लिहावी, महिलेचे नाव लिहू नये.
- मदत रोख द्यावी. नवऱ्याला दिसणाऱ्या खात्यावर पैसे पाठवले किंवा त्याच्या मोबाइल नंबरवरून तिकीट काढले, तर ती कुठे गेली हे त्याला लगेच कळते.
- ती कुठे गेली, हे ग्रुपवर टाकू नये. मदत देतानाचा फोटो काढू नये.
- जायचे की नाही, हे तिनेच ठरवावे. ती परत आली तरी पुढच्या वेळी मदत नाकारू नये.

आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा आणि जवळच्या सखी सेंटरचा फोन नंबर या आठवड्यातच मिळवा आणि विहाराच्या फलकावर लावा.