पहिली चावी आणि तारवाल्याचा हात

हौसेखातर मोर्सची संकेतलिपी शिकू पाहणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न येतो तो चावीचा. रेडिओवरून टिंबे आणि रेघा पाठविण्यासाठी टेबलावर ठेवावयाची ती छोटी चावी कोणती घ्यावी? दुकानदार किमतीची गोष्ट सांगतो. मुरलेला हौशी वेगाची सांगतो. आम्ही कामगारांच्या सभांतून आणि वाचनालयांच्या बाकांवर शिकलेली माणसे. कोणतेही हत्यार दिसले की त्याच्या मुठीवर कोणाचा हात झिजला, हे आम्ही आधी विचारतो. चावीच्या बाबतीत हा प्रश्न विचारला म्हणजे निवडीचे उत्तरही बरेचसे हाती येते.

सॅम्युएल मोर्स यांच्या १८३७ च्या सुमाराच्या पहिल्या यंत्रात हाताने दाबावयाची चावी नव्हतीच. दातेरी ठसे एका पट्टीत जुळवून ती पट्टी यंत्राखालून सरकवावयाची, अशी ती योजना होती. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू झाली, तोवर त्यांचे सहकारी आल्फ्रेड वेल यांनी साधी चावी तयार केली होती : पट्टी दाबली की विजेचे मंडल पुरे होई, सोडली की तुटे. यंत्र सोपे झाले. पण ठशांचे काम माणसाच्या मनगटावर येऊन पडले.

ते काम केवढे होते, याचा हिशेब कोणालाही करता येईल. वेग मोजण्यासाठी आज ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात. आंतरराष्ट्रीय संकेतात त्याची टिंबे आणि रेघा मिळून चौदा होतात. मिनिटाला वीस शब्द म्हणजे दोनशे ऐंशी वेळा चावी दाबणे. तासाला सोळा हजार आठशे वेळा. असे तास दिवसभर, आणि असे दिवस वर्षानुवर्षे! तारवाल्यांच्या बोटांत पेटके येऊ लागले, मनगट ऐकेनासे झाले. अमेरिकेतील तारवाले या दुखण्याला ‘काचेचा हात’ म्हणत. ज्याचा हात गेला त्याची भाकरी गेली.

या माणसांनी मुकाट्याने सोसले असे मात्र नाही. जुलै १८८३ मध्ये अमेरिकेतील तारवाल्यांनी देशव्यापी संप केला. स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे, हीही त्यांची एक मागणी होती. तो संप महिन्याभरात मोडला. १९०७ चा दुसरा मोठा संपही हरला. हातांचा प्रश्न तसाच राहिला, आणि त्यावरचा तोडगा अखेर हत्याराच्या घडणीतूनच शोधला गेला.

जेम्स बनेल यांनी १८८१ मध्ये अखंड पोलादी दांड्याच्या चावीचे पेटंट घेतले. जुन्या दांड्याचा आस सैल होऊन हात चुकत असे, तो दोष तिने घालविला. १८८८ मध्ये त्यांच्याच कंपनीने आडवी हलणारी चावी काढली. खाली दाबण्याऐवजी डावी-उजवीकडे ढकलावयाचे, म्हणजे मनगटाचा भार बदलतो. पुढे १९०४ मध्ये होरेस मार्टिन यांनी ‘व्हायब्रोप्लेक्स’चे पेटंट मिळविले. तिची मूठ एका बाजूला धरून ठेवली की कंप पावणारी दांडी आपोआप टिंबे काढी. रेघा तेवढ्या हाताने काढावयाच्या. अनेक तारवाले ही चावी पदरचे पैसे मोडून घेत आणि कामावर बरोबर नेत. वेगाचा लाभ कंपनीला आणि हत्याराचा खर्च कामगाराला, हा व्यवहार आमच्या श्रोत्यांना नवा वाटू नये.

ब्रिटनमध्ये १९०८ साली तारवाल्यांचा हा पेटका नुकसानभरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांत गणला गेला. म्हणजे तो कामगाराचा नाजूकपणा नसून कामाचा परिणाम आहे, हे कायद्याने मान्य केले. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, हिंदुस्थानातील तारबाबूंनी हेन्री बार्टन यांच्या पुढारीपणाखाली संप केला; संपाचा इशारा तारांवरूनच शहरोशहरी पोचला. आणि त्याच वर्षी जुलैत लोकमान्यांना शिक्षा होताच मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आम्ही जोडीत नाही; पण मुंबईच्या कामगाराच्या इतिहासात पहिलीचीही आठवण राहावी, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या देशात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हौशी रेडिओच्या परवान्यासाठी मोर्स सक्तीचा असण्याचा आंतरराष्ट्रीय नियमही २००३ च्या जागतिक परिषदेने काढून टाकला. आज जो शिकतो तो आपखुशीने शिकतो. म्हणून पहिली चावी घेताना त्याने त्या हातांच्या अनुभवाचा उपयोग करून घ्यावा.

पहिली चावी आम्ही साधी, खालीवर हलणारीच सुचवू. रेघ तीन टिंबांएवढी, अक्षरातील फट एका टिंबाएवढी, दोन अक्षरांतील तिनांएवढी, दोन शब्दांतील सातांएवढी : हे प्रमाण तेथे आपल्यालाच राखावे लागते, त्यामुळे ते अंगात मुरते. चावीची बैठक जड असावी, नाहीतर ती टेबलावर पळते. दांडा बाजूला डुगडुगता कामा नये. फट आणि स्प्रिंग यांचे स्क्रू सहज फिरावेत. आरंभी फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी पुरे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन लष्कराची ‘जे-३८’ चावी पुढे हौशी लोकांत इतकी रुळली, ती याच साध्या गुणांमुळे. अमेरिकन चावी बुटकी. तिच्यासाठी कोपरापासूनचा हात टेबलावर टेकवितात. ब्रिटिश चावी उंच. तिच्यासाठी मनगट मोकळे ठेवतात. कोणती बरी, हे आपल्या टेबलाची आणि खुर्चीची उंची पाहून ठरवावे.

आणि हात दुखू लागला तर? तर थांबावे. आडव्या हलणाऱ्या दोन पात्यांची चावी आज मिळते. तिला जोडलेले विद्युत्‌यंत्र टिंबे आणि रेघा दोन्ही स्वतः मोजून काढते. ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. साध्या चावीनेच खरा तारवाला होतो, असे कोणी सांगू लागल्यास त्याला सांगावे की, खऱ्या तारवाल्यांनी हात वाचविण्यासाठी तिला कधीच पर्याय शोधला होता, आणि तोही पदरमोड करून.