अपस्मार, फेफरे आणि सूचीपत्र

वैद्यकीय ग्रंथालय ही संस्था मुळात रोग्यासाठी निर्माण झालेली नाही. डॉक्टरांच्या वर्गणीतून किंवा सरकारी खात्याच्या निधीतून, डॉक्टरांनी वाचावे म्हणून ती उभी राहिली, आणि विसाव्या शतकाचा मोठा भाग उलटेपर्यंत तिच्या वाचनकक्षात सामान्य वाचकाला फारसे स्थान नव्हते. आज एखाद्या रुग्णाला आपल्या आजाराची खात्रीलायक माहिती मिळते तेव्हा त्या माहितीमागे याच संस्थेने शंभराहून अधिक वर्षे केलेले वेचण्याचे, नोंदण्याचे आणि वर्ग लावण्याचे काम असते. मात्र ते काम ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्या भाषेत झाले ते वाचक वेगळे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या इतिहासात हे स्थित्यंतर विशेष ठळकपणे दिसते, आणि तो इतिहास पाहताना असे लक्षात येते की दारे उघडण्यापेक्षा शब्द बदलणे अधिक अवघड गेले.

या ग्रंथालयाचा आरंभ १८३६ सालचा मानला जातो. अमेरिकी लष्कराच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे लष्करी वैद्यकीय खात्याच्या प्रमुखाच्या, कचेरीत ठेवलेली थोडी पुस्तके एवढाच तेव्हा त्याचा पसारा होता. यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर जॉन शॉ बिलिंग्ज (१८३८–१९१३) या तरुण लष्करी शल्यवैद्याकडे ही पुस्तके सोपवण्यात आली, आणि लष्करी रुग्णालये बंद झाल्यावर त्यांच्या निधीतून उरलेले सुमारे ८० हजार डॉलर ग्रंथखरेदीसाठी मिळाले. युद्धाच्या शिलकीतून ग्रंथालय उभे राहावे, ही घटना इतिहासात वारंवार घडणारी नाही. अब्राहम लिंकन यांच्यावर जेथे गोळी झाडली गेली ते वॉशिंग्टनचे फोर्ड नाट्यगृह सरकारने ताब्यात घेतल्यावर हा संग्रह तेथे हलवण्यात आला, आणि १८८७ मध्ये त्याला स्वतंत्र इमारत मिळाली. ती वेळेवर मिळाली असेच म्हटले पाहिजे, कारण पुढे १८९३ मध्ये त्या जुन्या नाट्यगृहातील मजले कोसळून २२ कारकून मृत्युमुखी पडले.

बिलिंग्ज यांना पुस्तके जमवण्याचा नुसता छंद नव्हता. त्यांच्या मनात विद्यार्थिदशेतील एक अडचण घर करून होती. सिनसिनाटी येथील ओहायो वैद्यकीय महाविद्यालयातून १८६० साली पदवी घेताना त्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रिया या विषयावर प्रबंध लिहिला होता. त्या वेळी त्यांना असे आढळले की आवश्यक संदर्भ देशातल्या कोणत्याही एका ग्रंथालयात एकत्र मिळत नाहीत, आणि जेथे ग्रंथ आहेत तेथेही प्रत्येक खंडाची अनुक्रमणिका वेगळी चाळल्याखेरीज त्यात काय दडले आहे हे कळत नाही. ग्रंथ असूनही सापडत नाही, ही अवस्था ग्रंथ नसण्यापेक्षा फारशी बरी नव्हती.

त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे विषयवार सूची. ग्रंथालयाच्या साध्या यादीत पुस्तकाचे नाव आणि लेखक एवढेच असते. बिलिंग्ज यांनी नियतकालिकांतील प्रत्येक महत्त्वाचा लेख सुटा करून त्याच्या विषयाखाली नोंदवण्याचे ठरवले. कामाची रीत साधी, पण अंत पाहणारी होती. टपालाने आलेली नियतकालिके बिलिंग्ज स्वतः चाळीत, नोंदण्याजोग्या लेखांवर पेन्सिलीने खूण करीत, मग कारकून प्रत्येक लेखासाठी एकेक पत्रक लिहीत, आणि ती पत्रके विषयांच्या वर्णक्रमाने लावली जात. रॉबर्ट फ्लेचर या मूळच्या इंग्रज डॉक्टरांनी या कामात त्यांना दीर्घकाळ साथ दिली. १८७६ मध्ये नमुन्यादाखल एक भाग छापून जाणकारांचे अभिप्राय मागवण्यात आले, १८८० मध्ये सूचीचा पहिला खंड निघाला, आणि १८९५ पर्यंत पहिल्या मालेचे १६ खंड पूर्ण झाले. इंग्रजी ‘ई’ या अक्षरापासून सुरू होणारा, आणि म्हणून ज्यात एपिलेप्सीचा, म्हणजे अपस्माराचा समावेश होता, तो चौथा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. ज्या प्रश्नाने बिलिंग्ज यांना विद्यार्थिदशेत अडवले होते, त्याचे संदर्भ आता एका शीर्षकाखाली, ओळीने मांडलेले होते.

त्याच १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर केला. पदवी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा आणि त्यासाठी संदर्भ धुंडाळावेत, हा प्रघात बिलिंग्ज यांच्या पिढीपासून आनंदीबाईंपर्यंत कायम होता, आणि वैद्यकीय ग्रंथालयांची मागणी वाढण्यामागे त्याचाही वाटा होता.

खंड छापून होईपर्यंत नवे लेख येतच राहत, म्हणून १८७९ पासून ‘इंडेक्स मेडिकस’ नावाची मासिक सूचीही सुरू करण्यात आली. तिचा प्रपंच नेहमी ओढाताणीचाच राहिला. वर्गणीदार पुरेसे मिळेनात, १८९९ मध्ये ती बंद पडली, आणि १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने पुन्हा निघू लागली. सूची सर्वांना हवी असते, पण तिचे पैसे भरायला फारसे कोणी पुढे येत नाही, हा अनुभव पुढच्या काळातल्या ग्रंथपालांनाही चुकला नाही. दरम्यान २ मे १८९८ रोजी फिलाडेल्फियात आठ जणांनी, म्हणजे चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टरांनी, एक संघटना स्थापन केली. तीच पुढे वैद्यकीय ग्रंथालय संघ म्हणून प्रसिद्ध झाली. आपल्याकडे जादा असलेले अंक ज्याच्याकडे नाहीत त्याला द्यायचे, हा तिचा आरंभीचा मुख्य उद्योग होता. तिच्या हेतूंमध्ये रुग्णाला स्थान नव्हते, आणि असावे असे तेव्हा कोणाला वाटलेही नाही.

लष्कराचे हे ग्रंथालय १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय झाले आणि १९६२ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे, बराचसा ग्रंथसंग्रह जमिनीखाली ठेवणाऱ्या नव्या इमारतीत गेले. १९६० मध्ये त्याने प्रमाणित वैद्यकीय विषयशीर्षकांची यादी प्रसिद्ध केली. विषयशीर्षक म्हणजे एका अर्थासाठी ठरवून घेतलेला एकच शब्द: लेखकाने काहीही लिहिले असले तरी नोंद त्याच शब्दाखाली करायची, म्हणजे शोधणाऱ्याला दहा ठिकाणी पाहावे लागत नाही. १९६४ मध्ये संगणकावर आधारलेली सूचीव्यवस्था सुरू झाली, आणि १९७१ मध्ये तिच्यातून ‘मेडलाइन’ ही दूरस्थ शोधसेवा निघाली. बिलिंग्ज यांचा विद्यार्थिदशेतला प्रश्न आता ‘अपस्मार’ हे शीर्षक आणि त्याला जोडलेले ‘शस्त्रक्रिया’ हे उपशीर्षक अशा दोन शब्दांत मांडता येऊ लागला.

तथापि हे शब्द डॉक्टरांचे होते. सामान्य माणूस ज्याला कर्करोग म्हणतो त्याची नोंद या यादीत ‘निओप्लाझम’, म्हणजे नवी अपसामान्य पेशीवाढ, या शीर्षकाखाली होते. हृदयविकाराचा झटका ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या नावाने, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने हृदयस्नायूचा भाग मृत होणे या अर्थाने, नोंदला जातो. ज्ञानशाखेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण बोलीतला एक शब्द पुष्कळदा दोन-तीन वेगळ्या विकारांना चिकटलेला असतो. पण त्याचा परिणाम असा झाला की दार उघडे असतानाही आत शिरलेल्या सामान्य वाचकाला कोणत्या कपाटापुढे उभे राहावे ते उमगत नसे. शिवाय अर्धवट वाचून रोगी घाबरेल किंवा औषध सोडेल, ही भीती डॉक्टरांना होती, आणि सार्वजनिक ग्रंथपालही आपल्यावर सल्ला दिल्याचा ठपका येईल म्हणून वैद्यकीय प्रश्नापासून हातभर दूर राहत. ही भीती पूर्णपणे निराधार होती असे म्हणता येणार नाही. पण जुनी आणि विकाऊ पुस्तके खुल्या कपाटात ठेवायची आणि विश्वसनीय नियतकालिके कुलपात, हा तिच्यावरचा इलाज नव्हे.

हा दृष्टिकोन १९७० नंतर बदलू लागला. बोस्टनच्या स्त्रियांच्या एका गटाने वैद्यकीय ग्रंथ स्वतः वाचून स्त्रीशरीराविषयी तयार केलेली पुस्तिका १९७० मध्ये निघाली आणि पुढे जगभर गाजली. १९७३ मध्ये अमेरिकी रुग्णालय संघाने रुग्णांच्या हक्कांची सनद स्वीकारली आणि आपल्या आजाराची समजेल अशी माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क ठरला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्लेनट्री’ या संस्थेने सॅन फ्रान्सिस्को येथे १९८१ मध्ये सर्वांना खुले आरोग्य ग्रंथालय उघडले. ज्या झाडाच्या सावलीत हिपोक्रॅटीस कॉस बेटावर शिष्यांना शिकवीत असे सांगतात, त्या झाडावरून संस्थेला हे नाव मिळाले. झाडापेक्षा महत्त्वाची होती ती तेथे पुस्तके लावण्याची पद्धत: प्रचलित वैद्यकीय वर्गीकरण बाजूला ठेवून सामान्य वाचकाच्या बोलण्यातील शब्दांवर आधारलेले वर्गीकरण तेथे तयार करण्यात आले.

अशा ग्रंथालयातील ग्रंथपालाचे काम बाहेरून वाटते तितके सरळ नसते. ग्रंथालयशास्त्रात ज्याला संदर्भ-मुलाखत म्हणतात, म्हणजे वाचकाला नेमके काय हवे हे प्रश्नोत्तरांतून काढून घेणे, ती येथे विशेष नाजूक असते, कारण वाचक बहुधा घाबरलेला असतो आणि रोगाचे नाव त्याने एकदाच, तेही ओझरते ऐकलेले असते. थायरॉइडचा त्रास आहे असे तो सांगतो. ग्रंथी कमी काम करते तो ‘हायपो’ आणि जास्त काम करते तो ‘हायपर’, हा एवढासा फरक त्याच्या लक्षात राहिलेला नसतो, आणि चुकीचे पान हाती पडले तर उलटीच माहिती घेऊन तो घरी जातो. म्हणून ग्रंथपाल आधी डॉक्टरांची चिठ्ठी किंवा तपासणीचा अहवाल जवळ आहे का हे विचारतो, नावाचे स्पेलिंग पडताळतो, आणि बोलणे शेजारच्या मेजावर ऐकू जाणार नाही याची काळजी घेतो. पुस्तक किंवा पत्रक देताना ते कोणत्या साली निघाले, लिहिणाऱ्याची पात्रता काय, खर्च कोणी केला आणि दावा एका रुग्णाच्या अनुभवावर आधारलेला आहे की अनेकांवरील पद्धतशीर चाचणीवर, हे तो तपासतो. निदान करणे आणि उपचारांत निवड करणे मात्र तो कटाक्षाने टाळतो. अमेरिकी वैद्यकीय ग्रंथालय संघाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात सामान्य जनतेला आरोग्यविषयक माहिती मिळवून देण्यातील ग्रंथपालाची भूमिका स्पष्ट करण्यात आली. आठ जणांच्या त्या बैठकीनंतर येथवर यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली होती.

राष्ट्रीय ग्रंथालयाने २६ जून १९९७ रोजी आपली शोधसेवा ‘पबमेड’ या नावाने सर्वांना विनामूल्य केली. डॉक्टर आणि संशोधक यांच्याबरोबर सामान्य लोकही तिचा मोठ्या प्रमाणावर वापर करीत आहेत हे दिसून आल्यावर, ऑक्टोबर १९९८ मध्ये केवळ जनतेसाठी ‘मेडलाइनप्लस’ ही वेगळी सेवा सुरू झाली. आरंभी तिच्यात अवघे २२ विषय होते. जाहिरात घ्यायची नाही, आणि निवडलेल्या प्रत्येक साधनाची पारख झाल्याखेरीज ते यादीत येऊ द्यायचे नाही, हे तिचे नियम म्हणजे बिलिंग्ज यांच्या पेन्सिलीच्या खुणेचेच नवे रूप होय. फरक एवढाच की आता शीर्षक ‘हार्ट अटॅक’ असे होते.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा हे एक होते, पण वैद्यकीय ग्रंथालयांनी वाचक या शब्दाचा अर्थ येथेही दीर्घकाळ डॉक्टर आणि विद्यार्थी एवढाच घेतला. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची घडणही मुख्यतः व्यावसायिकांसाठीच झाली. रुग्णाला केंद्रस्थानी ठेवणारा प्रयोग मुंबईत झाला: डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी फोर्ट भागात सर्वांसाठी आरोग्य ग्रंथालय चालवले, जेथे रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने येऊन बसावे आणि वाचावे अशी योजना होती. २००७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ‘कॉक्रन लायब्ररी’ देशातील सर्वांना विनामूल्य खुली केली. एखाद्या उपचारावर झालेल्या सर्व चाचण्या एकत्र तपासून काढलेले निष्कर्ष या संग्रहात असतात, आणि त्यांना सोप्या भाषेतील सारांश जोडलेला असतो.

मराठी वाचकाच्या बाबतीत शब्दांचा प्रश्न आणखी एक पदर घेऊन येतो. ज्या विकारापासून बिलिंग्ज यांचा शोध सुरू झाला त्याला आयुर्वेदाच्या ग्रंथांत आणि आजच्या पाठ्यपुस्तकांत अपस्मार म्हणतात, पण घरात फेफरे म्हणतात, फिट म्हणतात, मिरगी म्हणतात, आणि लहान मुलाला आकडी आली असेही म्हणतात. त्यातली तापात येणारी आकडी हा बहुधा अपस्मार नसतोच. सूचीपत्रात अशा वेळी ‘पाहा’ नोंद करतात, म्हणजे एका शब्दापाशी आलेल्या वाचकाला दुसऱ्या शब्दाकडे वळवणारी ओळ: ‘फेफरे, पाहा अपस्मार’, ‘आकडी (तापातील), पाहा बालरोग’. अशी एकेक ओळ लिहिण्यासाठी वैद्यक आणि बोली दोन्ही ठाऊक असलेला माणूस लागतो. त्या ओळीच्या पलीकडच्या पानावर असते ते असे: झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, त्याच्या दातांमध्ये चमचा किंवा बोट घालू नये, घड्याळ पाहावे, आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर तातडीने रुग्णालय गाठावे. कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणाऱ्या घरात हे पान हवे असते, आणि त्या घरात अपस्मार हा शब्द सहसा कोणाच्या तोंडी नसतो.