थंड कानाची गोष्ट

श्रोतेहो, मे महिन्यात दिवेलागणीनंतर काटोलच्या रस्त्याने जाताना तापलेल्या भिंतीची झळ अंगाला लागते. भिंत उजेड देत नाही, तरी तिच्यातून काहीतरी आपल्यापर्यंत येतेच. ते उष्णतेचे किरण. हे किरण आणि तुमच्या रेडिओच्या लहरी यांच्या मधोमध एक पट्टा आहे. तेथील लहर सेकंदाला लाख कोटी वेळांच्या आसपास हेलकावते. तिचे नाव टेराहर्ट्झ. आजची हकिगत तिला पकडण्याची.

या पट्ट्याच्या उंबरठ्यापर्यंत जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारासच पोचले होते. काही मिलिमीटर लांबीच्या लहरी त्यांनी कलकत्त्यात निर्माण केल्या. पुढची वाट मात्र फार अवघड निघाली. कारण साधे आहे. कोमट वस्तू या लहरी स्वतःच सोडत असते. मग आकाशातून आलेली क्षीण लहर टिपणारे यंत्रच कोमट असेल तर? भर बाजारात कुजबूज ऐकण्यासारखेच ते! म्हणून यंत्राचा कान थंड करावा लागतो, आणि त्यासाठी हेलियम वायू लागतो.

हेलियम म्हटले की आपल्याकडे विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकियर साहेबांनी त्या किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे सांगतात. गुरुजनहो, ही गोष्ट मुलांना जरा दुरुस्त करून सांगावी. लॉकियर त्या वेळी हिंदुस्थानात नव्हतेच. ग्रहण पाहणाऱ्यांना सूर्याच्या ज्वाळांत पिवळी रेघ दिसली होती. ती सोडियमची नव्हे, हे लॉकियर यांनी ऑक्टोबरात इंग्लंडात ती पाहून ओळखले. विजयदुर्गाचा मान याने कमी होत नाही. ग्रहणाची सावली तर तेथे पडलीच होती.

१९०८ मध्ये हॉलंडात कामरलिंग ओनेस यांनी हेलियमचा द्रव केला. त्याची थंडी उणे २६९ अंश! १९११ मध्ये त्या थंडीत पाऱ्याचा वीजविरोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिवाहकता.

थंडीचा धडा आपल्याकडेही गिरवला गेला. हवेतले बाष्प या लहरी गिळते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९८० च्या दशकापासून १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून फुग्याने सुमारे ३० किलोमीटर वर पाठवली. तिचे शोधक अतिवाहक नव्हते, पण निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम ०.३ अंशावर ठेवलेले होते.

अतिवाहक शोधकात नायोबियम नायट्राइडचा अगदी पातळ पापुद्रा असतो. त्याला अतिवाहकतेच्या काठावर ठेवतात. जराशी ऊब लागली की वीजविरोध वाढतो, आणि लहर आल्याचे कळते. शिवाय पक्क्या सुराची दुसरी लहर हवी. तिच्यासाठी अर्धवाहकाचा टेराहर्ट्झ लेसर इटली आणि इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये साधला. पेटीचे दोन अगदी जवळचे सूर एकदम वाजवले की आवाज हेलकावतो ना? तसे आकाशाचा आणि लेसरचा सूर मिसळला की दोहोंतला फरक उरतो, आणि तो रेडिओच्या टप्प्यात येतो.

विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीने अतिवाहक शोधकाच्या साहाय्याने एका तेजोमेघात हेलियम व हायड्रोजनचा रेणू टिपला. ही वार्ता २०१९ मध्ये जाहीर झाली. विश्वातला पहिला रेणू तो हाच, असे मानतात. या कामात देश अनेक आणि माणसेही अनेक. ज्याचे त्याचे श्रेय ज्याला त्याला द्यावे. आपल्या वाट्याला आलेले काही कमी नाही.