आजार एक, नावं अनेक

फुप्फुसात हवेच्या असंख्य बारीक पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्यामधल्या नाजूक पडद्यातून प्राणवायू रक्तात मिसळतो. हा पडदा सुजला, जाड झाला की जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला पाठ सोडत नाही. अशा आजारांना डॉक्टर ‘इंटरस्टिशियल लंग डिसीज’ म्हणतात. पण ते एका आजाराचं नाव नव्हे. ते जवळजवळ दोनशे आजारांचं आडनाव आहे.

१९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लुई हॅमन आणि अर्नोल्ड रिच यांनी चार रुग्णांची हकीगत छापली. चौघंही काही महिन्यांतच दगावले होते. त्या आजाराला ‘हॅमन-रिच’ नाव पडलं. पुढं गंमत अशी झाली, की वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या आजारालाही तेच नाव दिलं जाऊ लागलं. १९६९ मध्ये लीबो आणि कॅरिंग्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपांवरून पाच प्रकार पाडले. झपाट्यानं बळी घेणारा प्रकार १९८६ मध्ये वेगळा ओळखला गेला. २००२ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञांनी ठरवलं, की केवळ सूक्ष्मदर्शकावर विसंबू नये. रुग्ण तपासणारा, सीटी स्कॅन वाचणारा आणि ऊतक पाहणारा अशा तिघांनी मिळून निदान करावं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण नावावर औषध ठरतं. यातले काही आजार स्टिरॉइडनं आटोक्यात येतात. मात्र ‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’मध्ये वर्षानुवर्षं दिलं जाणारं स्टिरॉइड आणि जोडीच्या औषधांचं मिश्रण जिवावर उठतं, हे अमेरिकेतल्या चाचणीतून २०१२ मध्ये उघड झालं. २०१४ मध्ये अमेरिकेत दोन नव्या औषधांना मान्यता मिळाली. ती आजाराची चाल मंदावतात, गेलेलं फुप्फुस परत देत नाहीत.

भारतातल्या २७ केंद्रांमधल्या १,०८४ रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पक्ष्यांची विष्ठा अशा गोष्टींच्या वावड्यातून होणारा आजार होता. त्यांतल्या अनेकांच्या घरी पाण्याचे एअर कूलर होते.

आपल्याकडं धाप आणि खोकला म्हटलं, की आधी क्षयाची शंका येते. ती रास्तच आहे. पण क्षयाचे जंतू सापडत नाहीत आणि औषधांनी उतार पडत नाही, तेव्हा पुढं विचारायला हवं: घरात कबुतरं आहेत का? भिंतींना ओल आहे का? काम कशाच्या धुळीत चालतं? कूलर शेवटचा कधी धुतला? या प्रश्नांना पैसे पडत नाहीत. विचारायला उशीर झाला, तर मात्र श्वास मोजावे लागतात.