उडणाऱ्या अप्सरेला मॉडेल कोण?

मंडळी, साखऱ्याहून अजिंठा लांब वाटतो. पण ज्या हरिषेण राजाच्या काळात तिथलं १७ क्रमांकाचं लेणं खोदलं गेलं, त्याची राजधानी वत्सगुल्म. म्हणजे आपल्या हिंगोलीला लागून असलेलं वाशीम. तेव्हा पाचव्या शतकातले हे चित्रकार आम्ही शेजारीच समजतो.

त्या लेण्याच्या ओसरीत इंद्र आणि अप्सरा आकाशातून निघाल्या आहेत. आता उडणारं माणूस समोर कोण उभं करणार? चित्रकारानं काय केलं पाहा. अप्सरेच्या गळ्यातले मोत्यांचे सर त्यानं एका बाजूला झुकवले. देह शांत आहे, गती दागिन्यांत आहे. झोक्यावरच्या पोरीची माळ ज्यानं नीट पाहिली असेल, त्यालाच हे सुचणार.

१८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन हीच चित्रं उतरवायला अजिंठ्याला जाऊ लागले. काम १८८५ पर्यंत चाललं. (लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच पुढे आगीत गेल्या, हे दुर्दैव वेगळंच.) गंमत अशी, की हीच मुलं मुंबईत परतली की ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हात बसवायची. जिवंत उघड्या देहाचा रीतसर अभ्यास, ज्याला लाइफ क्लास म्हणतात, तो ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये आल्यानंतर सुरू झाला. आणि हेच सॉलोमन अजिंठ्याचे मोठे भक्त! लोकांना यात विसंगती दिसते, आम्हांला दिसत नाही.

कारण मॉडेल देतं ते वजन. एक पाय उचलला की कंबर कुठे कलते, टाचेवर भार आला की पोटरी कशी ताठरते, हे मनानं काढता येत नाही. पण लाइफ क्लासमधलं माणूस उडी मारून हवेत थांबू शकत नाही. हात वर धरायचा तर वरून दोर सोडावा लागतो, पावलांभोवती खडूनं खुणा कराव्या लागतात, मध्येमध्ये विश्रांती द्यावी लागते. त्या दोराला धरलेला हात जसाच्या तसा काढला, तर तलवार उगारणारा मावळा बसमध्ये उभा असल्यासारखा दिसतो! आम्ही अशी चित्रं पुष्कळ पाहिली आहेत.

मग फोटो घ्यावा? १८७८ मध्ये मायब्रिज यांनी अमेरिकेत धावत्या घोड्याचे ओळीनं फोटो काढले. तोवर चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून घोडा दौडवत होते. फोटोत दिसलं, की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार खोटे ठरले, खरे. पण फोटोतला प्रत्येक घोडा गोठलेला होता, हेही खरे. क्षण म्हणजे गती नव्हे. गतीत मागचा क्षण आणि पुढचा क्षण दोन्ही असतात, आणि ते डोळ्यापेक्षा स्मरणात असतात.

आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात, की नृत्य जाणल्याशिवाय चित्र कळणं कठीण. आम्ही याचा अर्थ अगदी साधा घेतो: आधी स्वतःच्या अंगानं ती हालचाल करून पाहा. औंढ्याला नागनाथाच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहाल तेव्हा त्यांच्यासारखं उभं राहून बघा. मंदिरात लोक हसतील, हसू द्या. अर्ध्या मिनिटात कुठला स्नायू ओरडतो ते कळेल.

तेच दुखणं सोसत लाइफ क्लासमधली बाई तासन् तास उभी असते, बहुतेकदा घरी न सांगता. २०१८ च्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटानं तिला पडद्यावर आणलं. चित्राखाली सही चित्रकाराची असते. तिचं नाव कॅनव्हासच्या मागच्या बाजूलासुद्धा नसतं.