विश्वासाचा हिशेब

"देव काळजी घेईल" असं कोणी म्हटलं की माझ्यातला इंजिनीअर जागा होतो. म्हणजे नक्की काय? बॅकअप काय? पण मंडळी, याच भरवशावर साठ वर्षं संस्था चालवणारा एक माणूस होऊन गेला, आणि त्याने सगळं लिहूनही ठेवलंय. नाव जॉर्ज म्युलर.

जन्म १८०५, प्रशियात. तरुणपणी अगदी वाया गेलेला. वडिलांचे पैसे लांबवले, खानावळीचं बिल बुडवलं म्हणून सोळाव्या वर्षी तुरुंगातही जाऊन आला. पुढे हाल्ले विद्यापीठात शिकताना ख्रिस्तावर श्रद्धा बसली. १८३६ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये भाड्याच्या घरात त्याने अनाथाश्रम काढला. नियम दोनच. कर्ज काढायचं नाही आणि कोणाकडे पैसे मागायचे नाहीत. गरज सांगायची ती फक्त प्रार्थनेत! १८७० पर्यंत पाच मोठ्या इमारती आणि २,०५० मुलांची सोय झाली होती.

आता शंका येणारच. हा दरवर्षी अहवाल छापायचा. कोणी दिलेले चार पेन्स, कोणी दिलेली अंगठी, सगळ्याची नोंद. मग हे आडून मागणंच झालं की नाही? गंमत म्हणजे ही शंका त्यालाही होती. डिसेंबर १८४१ मध्ये तिजोरीत खडखडाट असताना अहवालाची आणि वार्षिक सभेची वेळ आली. दुसरा कोणी असता तर सभा दणक्यात घेतली असती. म्युलरने दोन्ही पुढे ढकललं, कारण टंचाईच्या वेळी हिशेब दाखवणं म्हणजे हात पसरणंच. पुढचे काही महिने रोजचा दिवस रोज ढकलावा लागला. मला हा माणूस इथे पटला.

अर्थात एक रन यशस्वी झाला म्हणून सिद्धांत सिद्ध होत नाही. आणि मागितलेलं सगळं मिळतं, असं तर त्याच्या आयुष्यातही दिसत नाही. आश्रम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी त्याचा तान्हा मुलगा गेला. १८७० मध्ये बायको गेली, तेव्हा अंत्यविधीचं प्रवचन त्याने स्वतः केलं. म्हणजे त्याचा विश्वास 'हवं ते मिळेल' असा नव्हता. जे होईल त्यात देव सोडून जाणार नाही, एवढाच होता. हे वाटतं त्याहून बरंच अवघड आहे.

या गोष्टीचा धागा आपल्याकडेही येतो. म्युलरवरचं पुस्तक वाचून आपल्याला प्रेरणा मिळाली, असं पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवलंय. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो मुलींना त्यांनी आधार दिला, केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे मुली शिकत होत्या, शेती करत होत्या, छापखाना चालवत होत्या. देवावर भार टाकून हातावर हात ठेवून बसणं या दोघांनाही मान्य नव्हतं.

मला स्वतःला हे झेपेल का? कठीण आहे. माझा सहा महिन्यांचा इमर्जन्सी फंड मी मोडणार नाही. पण "देव काळजी घेईल" म्हणणाऱ्याला यापुढे पटकन हसणारही नाही.