दूरस्थ संहिता-भांडारे व प्रवेशाधिकाराचा प्रश्न

संगणकीय आज्ञावलींच्या आवृत्त्या जतन करणाऱ्या व्यवस्थांचा इतिहास हा एका अर्थी पाठपरंपरेचाच इतिहास होय. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न येथेही उद्भवतो : पाठात बदल करणारा कोण, आणि त्याला तो अधिकार कोणी दिला?

डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये रचलेल्या लघु-आज्ञावलींतून 'सीव्हीएस' ही व्यवस्था उदयास आली. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ती 'सी' भाषेत नव्याने बांधली. पुढे तिच्यात दुरून प्रवेश करण्याचे दोन मार्ग रूढ झाले. 'आरएसएच'मध्ये विश्वास यंत्राच्या पत्त्यावर ठेवला जाई, 'पीसर्व्हर'मध्ये परवलीच्या शब्दावर. परंतु हा शब्द केवळ ठराविक अक्षरबदल करून पाठविला जाई. त्यास गुप्तलेखन म्हणता येणार नाही; वाटेत टपलेल्यास तो सहज उलगडे.

हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये तातू इलोनेन यांनी 'एसएसएच'ची रचना केली. हीत सर्व संभाषण गुप्तलिपीत चालते. शिवाय किल्ल्यांची जोडी वापरल्यास खाजगी किल्ली धारकाच्या यंत्राबाहेर जात नाही. ती जवळ असल्याचा पुरावा तेवढा सादर होतो. १९९९ मध्ये 'ओपनएसएसएच' मुक्तपणे उपलब्ध झाल्यावर या पद्धतीचा सर्वत्र प्रसार झाला.

तथापि प्रवेशकर्त्याची ओळख पटली म्हणजे पाठाची शुद्धता सिद्ध झाली, असे मानणे चुकीचे ठरेल. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या सीव्हीएस प्रतीत कोणी दोन ओळी घुसडल्या. तुलनेसाठी बरोबरीचे चिन्ह दोनदा हवे, तेथे ते एकदाच होते. त्यायोगे सामान्य वापरकर्त्यास सर्वाधिकार प्राप्त झाले असते. मूळ प्रत 'बिटकीपर'मध्ये स्वतंत्र होती, म्हणूनच पाठ ताडून पाहताच प्रक्षेप उघडकीस आला. २००५ मध्ये आलेल्या 'गिट'ने प्रत्येक आवृत्तीचे अभिज्ञान तिच्या आशयावरून व पूर्वपरंपरेवरून गणिताने काढण्याची पद्धत स्वीकारली.

'गिटहब'ने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या व्यवहारांत खात्याचा परवलीचा शब्द स्वीकारणे बंद केले. मार्च २०२३ मध्ये मात्र त्याच संस्थेची स्वतःची एक खाजगी किल्ली अल्पकाळ सार्वजनिक भांडारात उघडी पडली व ती बदलावी लागली. सारांश, द्वारपालाचीही ओळख पटवून घ्यावी लागते, आणि द्वार सुरक्षित असले तरी पाठचिकित्सेतून सुटका नाही.